चाकाच्या कडा कोरड्या का राहतात?

प्रश्न : ताई, प्रवरेच्या पात्रात सापडणारे अकीक (अगेटचे दगड) मी घरीच घासतो. अर्ध्या अश्वशक्तीच्या, मिनिटाला 1440 फेऱ्यांच्या मोटरवर सहा इंच व्यासाची, दीड इंच रुंदीची दोन चाकं बसवली आहेत : एक 80 नंबरचं, म्हणजे भरड कणांचं, सिलिकॉन कार्बाइडचं, दुसरं 600 नंबरचं, बारीक कणांचं, हिऱ्याचं. दोन्हींवर सलाईनच्या नळीतून पाणी सोडतो. मधला पट्टा भिजतो, कडांवर मात्र पांढरी रेघ उमटते. धार वाढवली की पाणी अंगावर उडतं. खाली पाण्याचा ट्रे ठेवून चाकं त्यात थोडी बुडवली तर चालेल का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : ट्रेचं आधी सांगते, कारण त्यात धोका आहे. 80 नंबरचं चाक पाण्यात बुडू देऊ नका. ते सच्छिद्र असतं, पाणी पिऊन घेतं. मोटर बंद असताना जेवढा भाग पाण्यात राहील तेवढा जड होतो आणि पुढच्या वेळी चाक एकांगी फिरायला लागतं. मी जयपूरला शिकत असताना एका कारखान्यात असं चाक रात्रभर पाण्यात राहिलं होतं. सकाळी बटण दाबल्यावर सगळं टेबल हादरायला लागलं. थोडक्यात निभावलं, पण असं चाक फुटूही शकतं. म्हणून काम संपलं की आधी पाणी बंद करा आणि चाक पाचेक मिनिटं रिकामं फिरवा, आतलं पाणी बाहेर फेकलं जातं. चालू करताना नेहमी बाजूला उभे राहा.

आता कडांकडे येऊ. तुमच्याकडे पाणी कमी नाही, ते पसरत नाहीये. सहा इंची चाक 1440 फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याचा घेर ताशी 41 किलोमीटरच्या वेगाने पळत असतो. त्यावर पडलेल्या थेंबाला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. पडला तिथेच थोडा चिकटतो, उरलेला समोर फेकला जातो. धार वाढवून फक्त तुमचा सदरा भिजेल. पाणी चाकावर टाकायचं नाही, पुसायचं.

त्यासाठी जाड नमद्याची (दाबून केलेल्या लोकरीच्या कापडाची) पट्टी घ्या, चाकापेक्षा दोन्ही बाजूंना थोडी जास्त रुंद. तिचं एक टोक चाकाच्या मागच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत स्क्रूने घट्ट आवळा, दुसरं टोक चाकाच्या माथ्यावर अलगद टेकू द्या. चाकाचा माथा तुमच्याकडे फिरतो ना, तसंच पट्टीचं मोकळं टोकही तुमच्याकडे हवं. उलट लावलीत तर चाक तिला आत ओढेल. दगड टेकवता तिथपर्यंत ती पोचता कामा नये. सलाईनचा थेंब आता चाकावर नाही, पट्टीच्या मागच्या भागावर पडू द्या. नमदा पाणी शोषून कडेपर्यंत नेतो आणि चाक त्यातून पातळ थर उचलून घेतं. 80 नंबरचं चाक नमदा लवकर खातं, तिथे जुन्या गालिच्याचा तुकडा जास्त टिकतो. हिऱ्याच्या चाकाला मऊ स्पंजही चालेल. मात्र एका चाकाची पट्टी दुसऱ्याला कधीच लावू नका. 80 चा एक कण 600 वर आला की दगडावर अशी रेघ पडते की पुन्हा पहिल्यापासून घासावं लागतं. त्याच कारणाने खालचं वापरलेलं पाणी पंपाने परत वर चढवू नका.

माझ्याकडे 600 च्या चाकाला सेकंदाला तीन थेंब पुरतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला अर्धा लिटर झालं. 80 ला बारीक अखंड धार लागते. बाटली रिकामी होत जाते तशी धार मंदावते, म्हणून ती चाकापासून दोन-तीन फूट उंच टांगा. मग फरक कमी जाणवतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब घातले की ते थेंबाथेंबाने न राहता पृष्ठभागावर सपाट पसरतं. बोअरचं पाणी असेल तर नळीत क्षार धरतात. ती अधूनमधून लिंबाच्या पाण्यात भिजवून ठेवा.

एका कडेच्या कोरडेपणावर मी एवढं का लिहिते आहे? दगडाचं नुकसान तर होतंच. अकीक एका जागी तापला की आत बारीक चिरा जातात, त्या पॉलिशच्या वेळी दिसतात, तोवर सगळी मेहनत झालेली असते. लाखेवर बसवलेला दगड लाख मऊ होऊन निसटतो. पण त्याहून मोठी भीती त्या पांढऱ्या रेघेची. ती सिलिकाची धूळ आहे. गुजरातमधल्या खंभातचा अकीक जगभर जातो, आणि तिथल्या कारागिरांमधला सिलिकोसिसही, म्हणजे या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजारही, कित्येक वर्षांपासून नोंदला गेला आहे. मी तिथे गेले होते तेव्हा एक आजोबा कोरड्या चाकावर मणी घासत बसले होते. दोन वाक्यांमध्ये त्यांना दम घ्यावा लागत होता. त्या फुफ्फुसांना पूर्ववत करणारं औषध नाही. आणि रेघ दिसते म्हणजे हवेत न दिसणारे, खोलवर जाणारे कण आहेतच. तेव्हा पट्टी बसेपर्यंत काम थांबवा, दादा. नंतरही एन-95 मास्क लावूनच बसा, कारण उडणाऱ्या तुषारांतही हे कण असतात. ट्रेमधला गाळ ओला असतानाच कागदावर काढून पिशवीत बांधा. वाळू देऊन झाडूने झाडू नका, मोरीतही ओतू नका.

पट्टी बसवल्यावर दगड न लावता चाक मिनिटभर फिरवा आणि बाजूने टॉर्च मारून बघा. दोन्ही कडांपर्यंत सारखी चमक दिसली तर जमलं. एक कड मंद दिसली तर त्या बाजूची पट्टी किंचित खाली दाबा, तिथे नमदा चाकाला टेकत नसतो. आणि मोटरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) नसेल, तर तो याच आठवड्यात वायरमनकडून बसवून घ्या.