फोनवर स्पेलिंग सांगताना

प्रश्न : फोनवर ईमेल पत्ता सांगताना ‘बी’चा ‘डी’ आणि ‘एस’चा ‘एफ’ होतो. काय करावं?

उत्तर : दोष तुमच्या उच्चारांचा नाही. साध्या फोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचाच आवाज पोचतो. ‘स’ आणि ‘फ’ वेगळे ओळखू येतात ते मुख्यतः त्यावरच्या पट्टीत. बी, डी, पी, टी यांचा तर शेवटही सारखाच. म्हणून वैमानिक १९५६पासून प्रत्येक इंग्रजी अक्षराऐवजी त्याच अक्षराने सुरू होणारा ठरलेला शब्द वापरतात : ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो, सिएरा, फॉक्सट्रॉट. ऐन वेळी शब्द स्वतः निवडलात तर ‘बॅट’सारखा आखूड नको, तो ‘पॅट’ ऐकू येतो. तीन-चार अक्षरांनी थांबा आणि समोरच्याकडून ती परत वदवून घ्या. हे कधीही गाळू नका, चूक इथेच सापडते. आकडेही सुटे सांगा : ‘एकोणसाठ’ नव्हे, ‘पाच, नऊ’.