वाचकांचे प्रश्न : ‘जेवण व्हयनं का?’

प्रश्न : माझा मुलगा २०२० साली पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. टाळेबंदीत तो खोलीवर अडकला आणि मे महिन्यात घरी आला. आजही तो विषय निघाला की ‘काही नाही गं, चाललं होतं’ एवढे बोलून उठून जातो. या मुलांनी ते दिवस कसे काढले असतील? त्याला विचारावे की राहू द्यावे?
– एक आई, चोपडा

उत्तर : ताई, त्या वेळी मी जळगावात एका वसतिगृहाचे काम पाहत होतो आणि हेच वाक्य मुलांना घरच्यांशी फोनवर बोलताना मी रोज ऐकत होतो. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूनंतर चार दिवसांत सारे सुरळीत होईल, अशा समजुतीने जी मुले थांबली, त्यांना २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागल्यावर निघताच आले नाही. खाणावळी बंद पडल्या. आमच्याकडे नंदुरबारच्या बाजूची तीन मुले राहिली होती. पाणी तापवायच्या विजेच्या किटलीत ती खिचडी शिजवत. एका वेळी एकापुरतीच होई, म्हणून पाळीपाळीने जेवत, आणि तिसऱ्याचे ताट वाढेपर्यंत पहिल्याला पुन्हा भूक लागलेली असे. तेवढ्यात घरून फोन येई, ‘जेवण व्हयनं का?’ (जेवण झालं का?) तिघेही न चुकता ‘हो’ म्हणत. रस्ते बंद असताना आईच्या जिवाला घोर कशाला लावायचा, एवढाच त्यांचा विचार असे. मला वाटते, उपासापेक्षा हे ‘हो’ म्हणणेच त्यांना जड गेले.

परतणेही सोपे नव्हते. एप्रिलअखेर धुळ्याहून एसटीच्या सुमारे ७० गाड्या राजस्थानात कोटा येथे जाऊन शिकवणीसाठी राहिलेल्या मुलांना घेऊन आल्या. इतरांना मात्र प्रवासाचा परवाना आणि वैद्यकीय दाखला यांसाठी धडपडावे लागले. घरी पोहोचल्यावर १४ दिवस वेगळे राहायचे होते. ज्या घरासाठी दिवस मोजले, त्याच घराच्या ओसरीवर ताट दुरून सरकवले जाणे, कारण ठाऊक असूनही, काहींच्या मनाला फार लागले. पुढे धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची मुले ऑनलाइन तासांसाठी रेंज शोधत टेकडी चढत राहिली. शेवटच्या वर्षाच्या मुलांना तर परीक्षा द्यावी लागणार की नाही, हे २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कळत नव्हते.

तेव्हा ताई, जरूर विचारा. मात्र समोर बसवून ‘कसे दिवस काढलेस’ असे विचारलेत, तर पुन्हा तेच उत्तर मिळेल. तो सुट्टीत घरी आला असताना, भाजी निवडता निवडता, ‘तेव्हा भात कशात शिजवायचास रे?’ एवढेच विचारून पाहा. त्या आठवणींनी त्याची झोप उडत असेल किंवा तो कोणाशीच बोलेनासा झाला असेल, तर मात्र समुपदेशकाकडे नेण्यास उशीर करू नका. आणि तो सांगू लागला की ‘मला तेव्हाच का नाही सांगितलंस?’ असे मध्येच म्हणू नका, कारण तुम्ही रात्रभर जागाल हे त्याला तेव्हाही माहीत होते.