लॅब्रॅडॉरच्या पिल्लाचे मागचे पाय आत वळलेले दिसतात, कॅल्शियम सुरू करू का?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू सहा महिन्यांचं आहे, घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर राहता, ते उभं राहिलं की मागचे घोटे एकमेकांकडे वळतात आणि शेजारी कॅल्शियमचं सिरप सुचवतायत. कृपा करून देऊ नका. पिल्लांचं तयार खाद्य चालू असेल तर त्यात पुरेसं कॅल्शियम असतं. जादा दिलेलं मोठ्या जातीच्या पिल्लाच्या आतड्याला अडवता येत नाही, ते अंगात जातं आणि वाढती हाडं बिघडवतं.

आता पाय. नुसत्या ठेवणीवरून पायाची परीक्षा होत नाही. घोड्याची पारख करणारेसुद्धा जनावर आधी उभं बघतात, मग दुडक्या चालीत पळवून बघतात आणि निर्णय चालीवर घेतात. घोडा काय, कुत्रा काय, सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, आणि ते पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात. मागचा पाय मात्र थेट खुब्याच्या वाटीत बसतो. ती वाटी सैल असली की दोष चालीत उतरतो.

संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घरातल्या कुणाला तरी पट्टा सैल धरून त्याला दुडक्या चालीत न्यायला सांगा. तुम्ही मागून आणि बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते. मागचा दुखत असेल तर कमरेची ती बाजू जास्त वरखाली होते. पळताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकत्र उचलत असेल, किंवा उठताना पुढच्या पायांवर अंग ओढून घेत असेल, तर खुब्याचीच शंका घ्या. मग नखं बघा. मागच्या पंजाच्या मधल्या दोन नखांची टोकं वरून घासलेली असतील तर पाय पुरता उचलला जात नाहीये.

यातलं काही दिसलं तर गुंगी देऊन खुब्याचा एक्स-रे काढून घ्या, ठाण्यातल्या चांगल्या डॉक्टरांकडे किंवा परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला विचारा. काहीच दिसलं नाही तर धीर धरा, या जातीची हाडं वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असतात आणि मधल्या काळात पाय वेडेवाकडे दिसतात.

वजनाकडे मात्र आजपासून लक्ष द्या. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरवर आयुष्यभर चाललेल्या अभ्यासात, भावंडांपेक्षा 25 टक्के कमी खाल्लेले कुत्रे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांच्या खुब्याचा संधिवात उशिरा आला. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. लोक 'हडकुळं झालंय' म्हणतील, म्हणू देत.

आणि घरातली गुळगुळीत टाइल! पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, आणि जेवणाच्या भांड्यापाशी, दारापाशी, जिथे जिथे तो धाव घेतो तिथे रबरी मॅट टाका.