‘विभवांतर’मधलं अंतर कोणतं?

प्रश्न विजेच्या धड्यातल्या या वाक्याचा आहे : ‘समविभव पृष्ठावरून प्रभार नेताना कार्य शून्य होते, कारण विभवांतर शून्य असते.’ (विभव म्हणजे एखाद्या बिंदूपाशी एकक विद्युत प्रभारामागे असणारी स्थितिज ऊर्जा; समविभव पृष्ठावर तो सगळीकडे सारखाच असतो.) प्रभार तर चांगला हातभर सरकला, मग अंतर शून्य कसं?

घोटाळा ‘अंतर’ या शब्दाच्या दोन अर्थांमुळे होतो. दोन गावांमधलं अंतर ही लांबी. दोन भावांच्या वयातलं अंतर हा फरक. विभवांतर हे वयातल्या अंतरासारखं आहे. दोन बिंदूंच्या विभवांमधला हा फरक व्होल्टमध्ये मोजतात, मीटरमध्ये नाही. लांबीबद्दल बोलायचं असेल तिथे ‘विस्थापन’ किंवा ‘मार्गाची लांबी’ लिहावं, म्हणजे एका वाक्यात दोन ‘अंतरं’ भांडत नाहीत.

आकडे घेऊन पाहू. 1 मायक्रोकूलोमचा बिंदुप्रभार निर्वातात पक्का बसवला, तर त्याच्याभोवती 1 मीटर त्रिज्येच्या गोलावर विभव सगळीकडे सुमारे 9000 व्होल्ट असतो. 2 नॅनोकूलोमचा दुसरा धन प्रभार या गोलावरून बरोबर समोरच्या टोकाला नेला, तर मार्ग किमान 3.14 मीटर, विभवांतर 0, विद्युत क्षेत्राने केलेलं कार्य 0. तोच प्रभार सरळ बाहेर 3 मीटर त्रिज्येच्या गोलावर नेला, तर मार्ग फक्त 2 मीटर. पण विभव 3000 व्होल्टवर उतरतो आणि क्षेत्र 12 मायक्रोज्यूल कार्य करतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘बल नाही म्हणून कार्य नाही’ असं लिहिणं. पहिल्या प्रवासात प्रभारावर सतत सुमारे 18 मायक्रोन्यूटन बल असतंच. ते त्रिज्येच्या दिशेने आणि विस्थापन पृष्ठाला धरून, म्हणजे कोन 90 अंशांचा. म्हणून कार्य शून्य. डोंगरउतारावरचा समतल चर आठवा : गुरुत्वबल तिथेही आहेच, पण चराच्या लांबीला धरून उतार नसल्याने पाणी कोणत्याही टोकाकडे धावत नाही.

‘पृष्ठावरून’ हा शब्दही नेमका आहे. मार्ग मध्येच पृष्ठ सोडून पुन्हा त्यावर आला, तरी एकूण कार्य शून्यच. पण तेव्हा वाटेतल्या तुकड्यांचं धन आणि ऋण कार्य एकमेकांना रद्द करतं. पृष्ठावरूनच गेलं तर प्रत्येक तुकड्याचं कार्य शून्य.

‘समविभव’ हा बहुव्रीही : सम आहे विभव ज्याचा ते. तेव्हा तो जोडूनच लिहावा, आणि ‘सम’चा अर्थ ‘शून्य’ घेऊ नये. उलट विभव शून्य असला तरी क्षेत्र शून्य असेलच असं नाही. विद्युत द्विध्रुव म्हणजे सारख्याच मूल्याच्या एका धन आणि एका ऋण प्रभाराची जोडी. तिच्या मध्यलंब प्रतलावर (दोघांना जोडणाऱ्या रेषेला मध्यावर लंब असलेल्या प्रतलावर) विभव शून्य असतो, पण क्षेत्र त्या प्रतलाला लंब असं शिल्लक असतंच.