कंपनीच्या एमडीएमला माझे फोटो दिसतील का?

तुम्ही विचारलंय, कंपनी तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये एमडीएम, म्हणजे फोनवर दुरून ताबा ठेवणारं सॉफ्टवेअर, टाकायला सांगतेय, तर फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप त्यांना दिसेल का. सहसा नाही दिसत. पुसता मात्र येऊ शकतात, आणि ते मी माझ्या हाताने केलंय.

2015 मध्ये मी पुण्यातल्या एका कंपनीत आयटीत होतो. ऑफिसची मेल सगळे आपापल्या फोनवर बघायचे. सेल्समधल्या एका मुलाने राजीनामा दिला आणि संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, त्याचा फोन वाइप कर, म्हणजे दुरूनच पुसून टाक. एक्सचेंजमध्ये, म्हणजे कंपनीच्या मेल सर्व्हरवर, त्याचा फोन निवडला, वाइप दिलं. तेव्हा त्याने नुसती मेल जात नसे, अख्खा फोन फॅक्टरी रिसेट व्हायचा. मला हे माहीत होतं, तरी त्याला आधी एक फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी बायकोच्या नंबरवरून त्याचा फोन आला. मुलीच्या बारशाचे फोटो त्यातच होते, बॅकअप नव्हता. चिडला नाही. "सर, परत आणता येतील का?" एवढंच विचारलं. येणार नव्हते.

साहेब म्हणाले, मेल जोडताना 'सगळा डेटा पुसण्याची' परवानगी त्यानेच दिली होती. पण ती दिल्याशिवाय मेल चालत नव्हती, आणि मेलशिवाय नोकरी कशी करणार? ही संमती नव्हे. अख्ख्या फोनवर ताबा हवा तर कंपनीने फोन विकत घेऊन द्यावा. मी तसा हिशोबही मांडून दिला होता. "त्यांच्याकडे आहेत की स्वतःचे", असं उत्तर मिळालं.

तुम्ही अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइलच मागा. अँड्रॉइड 5 पासून ती सोय आहे. कामाची अ‍ॅप ब्रीफकेसच्या चिन्हासह वेगळी राहतात आणि कंपनीला तेवढीच पुसता येतात. आयफोनवर त्यासाठी आयओएस 13 पासून यूजर एन्रोलमेंट आहे. अख्खा फोन पुसायचा अधिकार घेताय का, असं आयटीला लेखी विचारा. हो म्हणाले तर सरळ नकार द्या.

फोन कंपनीचा असेल तर मात्र यातलं काही लागू नाही. त्यात घरचं काहीच ठेवू नका.

आणि चोरीला गेलेल्या फोनसाठी वाइप लागतंच, हे मलाही मान्य आहे. पण त्या मुलाचा फोन चोरीला गेला नव्हता. शेवटच्या दिवशी तो माझ्याच टेबलासमोर बसला होता. खातं बंद करून त्याच्यादेखत मेल काढून टाकायला पाच मिनिटं लागली असती.