आयोडाइड, सल्फ्युरिक आम्ल आणि जांभळी वाफ

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत मिठावर संहत सल्फ्युरिक आम्ल टाकले तेव्हा हायड्रोजन क्लोराइड वायू मिळाला. तेच आम्ल पोटॅशियम आयोडाइडवर टाकताच मात्र जांभळी वाफ निघाली आणि सडक्या अंड्यांसारखा वास आला. हायड्रोजन आयोडाइड का मिळाला नाही?
– एक विद्यार्थिनी, मालवण

उत्तर : हायड्रोजन आयोडाइड तयार होतो, पण तिथे टिकत नाही. संहत सल्फ्युरिक आम्ल हे आम्ल तर आहेच, शिवाय ते ऑक्सिडीकारकही आहे, म्हणजे दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन काढून घेते. क्लोराइड आयन आपला इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे त्याच्यापुढे या आम्लाचा तो दुसरा गुण चालत नाही. आयोडाइड आयन आकाराने बराच मोठा असल्याने त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर, सैल असतो आणि सहज सुटतो. आठ आयोडाइड आयनांनी प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन दिला की सल्फ्युरिक आम्लातल्या गंधकाची ऑक्सिडीकरण अवस्था (इलेक्ट्रॉन गमावल्या-मिळवल्याचा हिशेब दाखवणारा अंक) +६ वरून थेट −२ वर येते :

८HI + H₂SO₄ → ४I₂ + H₂S + ४H₂O

जांभळी वाफ आयोडीनची आणि तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. काही गंधकाचे क्षपण (इलेक्ट्रॉन मिळवणे) अर्ध्या वाटेवर थांबते, म्हणून सल्फर डायऑक्साइड आणि पिवळसर गंधकही आढळतात. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका टळला असे कृपया समजू नये, आणि हा प्रयोग धूरकपाटाबाहेर (विषारी वायू खेचून घेणाऱ्या बंदिस्त कपाटाबाहेर) करू नये.

हायड्रोजन आयोडाइडच हवा असेल तर संहत फॉस्फोरिक आम्ल वापरावे, कारण ते आयोडाइडचे ऑक्सिडीकरण करत नाही.

आयोडीनचा शोधही याच अभिक्रियेतून लागला. 1811 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ बर्नार कूर्त्वा यांनी समुद्रशैवालाच्या राखेपासून केलेल्या द्रावात गरजेपेक्षा जास्त सल्फ्युरिक आम्ल घातले आणि हीच जांभळी वाफ उठली. आपल्या मालवणच्या खडकांवर वाढणारे सरगॅसम हेही आयोडीन साठवणाऱ्या तपकिरी शैवालांपैकीच आहे.

घरच्या आयोडीनयुक्त मिठात मात्र आयोडाइड नसून बहुधा पोटॅशियम आयोडेट असते. त्यात आयोडीनची अवस्था +५ असते, म्हणून बाहेरून आयोडाइड घातले की आयोडेट इलेक्ट्रॉन घेते आणि आयोडाइड ते देते. मिठाच्या पाण्यात व्हिनेगर, थोडे पोटॅशियम आयोडाइड आणि पातळ पेज घातली की सुटलेल्या आयोडीनमुळे पेजेतल्या स्टार्चला निळा रंग येतो. संहत आम्लाशिवाय होणारा हा प्रयोग तुम्ही वर्गात निर्धास्तपणे करून दाखवू शकता.