पेंटरकाकांची डगमगती वेलांटी

"मॅडम, माझा हात गेला," माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले काका खुर्चीत बसता बसता म्हणाले. मी आधी त्यांच्या हाताकडेच पाहिलं. बोटं स्थिर होती. नखांच्या कडेला निळा ऑइल पेंट अजून होता.

वय त्रेपन्न, काम साइनबोर्ड पेंटरचं. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि काम ओसरलं. मुलीच्या आग्रहाखातर कोरल ड्रॉच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं-चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या, क्लासला गेले आणि आठव्या दिवशी सोडून आले. तेव्हापासून झोप उडाली, घरात चिडचिड सुरू झाली. ब्रशलाही हात लावेनात. मुलीला धास्ती वाटली ती याचीच.

"या वयात कॉम्प्युटरवर चित्रं काढायला जमेल का?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. मेंदी काढणाऱ्या बायका विचारतात, निवृत्त ड्रॉइंग मास्तर विचारतात. वयाने काही फरक पडत नाही, असं मी कुणालाच सांगत नाही. पडतो. पन्नाशीत नवी गोष्ट बसायला जास्त वेळ लागतो, जास्त वेळा गिरवावी लागते. पण माणूस खचतो तो त्यामुळे नाही. इतकी वर्षं जे येत होतं ते खरंच येत होतं का, ही शंका त्याला पोखरते. काकांच्या शेजारी बसणारा एकोणीस वर्षांचा मुलगा त्यांचा स्क्रीन बघून हसला होता. खरंच हसला का, विचारलं तर म्हणाले, "मला तसं वाटलं."

दुसऱ्या भेटीला त्यांना लॅपटॉप आणायला सांगितला. मला कोरल येत नाही, हेही सांगून टाकलं. त्यांनी माउस ब्रशसारखा घट्ट धरला, श्वास रोखला आणि 'वि'ची वेलांटी एका दमात ओढली. रेघ डगमगली, तिच्यावर नोडच नोड, म्हणजे रेघेला वळवणारे बिंदू. मुलगी म्हणाली, "बाबा, फ्रीहँड टूल कशाला घेतलंत?" फ्रीहँडमध्ये माउसचा प्रत्येक धक्का रेघेत उतरतो; कसलेल्या हाताचीही रेघ अशीच येते. बेझिअर टूलमध्ये रेघ ओढायचीच नसते. क्लिक केलं की बिंदू पडतो. दाबून ओढलं की बिंदूला दोन दांड्या फुटतात आणि वळण त्या दांड्यांच्या दिशेने जातं. नोड जितके कमी, तितकं वळण सफाईदार. पिएर बेझिए यांनी 1960च्या दशकात फ्रान्सच्या रेनॉ कंपनीत मोटारींच्या पत्र्याची वळणं आखायला ही पद्धत वापरात आणली.

मी काकांच्या हातात खडू दिला. "भिंतीवर मोठी वेलांटी काढायची तर आधी काय करता?" त्यांनी फळ्यावर तीन खुणा केल्या: वेलांटी जिथून निघते, जिथे सगळ्यात उंच जाते, जिथे खाली टेकते. ब्रश त्यानंतर. खडू धरलेला हात तसाच थांबला.

"बाबा, हेच नोड," मुलगी म्हणाली.

मग रोज वीस मिनिटं ठरवली, एकच अक्षर, आणि आठवड्यातून एक काम ब्रशचं. क्लासला परत जाण्याची घाई केली नाही. त्या शरमेवर आम्ही जास्त वेळ दिला. "सर, मला जरा हळू दाखवा," एवढं एक वाक्य त्यांनी माझ्यासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा ते भांडण वाटलं, दुसऱ्यांदा गयावया. चौथ्यांदा साधं आलं. तेवढं घेऊन ते क्लासला गेले.

पाचव्या भेटीला 'वि'चा प्रिंट घेऊन आले. वेलांटीत मोजके नोड. कागद लांब धरून, डोळे बारीक करून म्हणाले, "उंची बरोबर आहे, पण पोट अजून जड वाटतंय." दुसऱ्या कुणाची पाटी तपासावी तसं. हात गेल्याचं त्या दिवशी काही बोलले नाहीत.

झोप सुधारली आहे. काम अजून आलेलं नाही, त्याची काळजी खरीच आहे आणि तिच्यावर आम्ही वेगळं बोलतो आहोत. सध्या त्यांनी 'ज्ञ' घेतला आहे.